वार काढणारी पोर

बाराव्या वर्षापासून पंधराव्या वर्षापर्यंत माझ्या उजव्या हातात एकही बांगडी नव्हती. डाव्या हातात डझनभर हिरव्या काचेच्या, आणि उजवा खांद्यापर्यंत मोकळा. शाळेत पोरी विचारायच्या, "शाले, अर्धीच विधवा झालीस व्हय गं?" मी एकदोघींना धरून बडवल्यावर ते थांबलं. पण त्या मोकळ्या हातामुळं आजूबाजूच्या पाच गावांत मला ओळखायचे. गाय व्याली की वासराच्या मागोमाग काही तासांत तिची वार पडावी लागते. वासराला नऊ महिने पोटात पोसणारा तो पडदा. कधीकधी ती पडत नाही, अर्धी आत, अर्धी बाहेर लोंबत राहते. मग कुणीतरी सायकल मारत शाळेच्या दारात यायचं, गुरुजी खिडकीतून बघून म्हणायचे, "जा बाई, तुझी गाय आली," आणि सगळा वर्ग हसायचा. मी सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसून परक्या गावातल्या परक्या गोठ्यात जायची आणि तिथल्या गाईच्या गर्भपिशवीत खांद्यापर्यंत हात घालून वार काढायची. माझी सून म्हणते, "आई, लिहायचंच आहे तर चांगलं चांगलं लिहा." चांगलं लिहायला माणसं पुष्कळ आहेत. मी वाईट लिहिते.

हे काम मुळात हिराआत्याचं. हिराआत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि तिनं आमचं घर ताब्यात घेतलं. लोक म्हणायचे, बिचारी. मी तिला एक दिवसही बिचारी पाहिली नाही. सकाळी आई चुलीपुढं बसून भाकरी थापायची तो थप थप आवाज जरा मंदावला, तरी आत्या ओसरीवरून विचारायची, "निजलीस काय गं?" उखळात शेंगाची चटणी कुटायची ती आत्यानं, मीठ घालायचं ते आत्यानं, आणि कुणाच्या ताटात किती पडणार हेही तिनंच ठरवायचं. अण्णा तिच्यापुढं मान खाली घालून जेवायचे. आई तर बोलायचीच नाही. सासरी आल्यापासून आईचा आवाज बहुतेक भाकरीचाच ऐकू यायचा. आत्याचा पाच गावांत मान होता तो तिच्या हातगुणाचा. तिनं वार काढली की गाय उठून उभी राहते, असं म्हणत. पुढं संधिवातानं तिची बोटं सुजली, मूठ मिटेना, हात आत जाईना. मान तर सोडवत नव्हता. तेव्हा तिनं घरात नजर फिरवली, आणि मी उंच, लांब हाताची, किडकिडीत. माझा हात तिनं उजेडात धरून असा उलटापालटा करून बघितला, जशी बाजारात वांगी बघतात. त्याच दिवशी तिनं माझ्या उजव्या हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या.

शिकवलं तिनं नीट, हे कबूल करायला हवं. करडईचं तेल खांद्यापर्यंत चोळायचं. पाचही बोटं एकत्र करून हात आत सारायचा. आत लिंबाएवढ्या गाठी लागतात, त्यांना वार चिकटलेली असते. अंगठ्यानं एकेक गाठ सोडवायची, काजातून बटण काढावं तशी. आत ऊनऊन लागतं, आणि गाय कळ देते तेव्हा हात दोन खांबांत सापडल्यासारखा आवळतो. माझा हात कितीही लांब असला तरी पोरीचाच. शेवटच्या गाठींपर्यंत तो पोचायचा नाही. मग आत्या म्हणायची, "वढ आता." आणि मी ओढायची. तुटून जे हातात येईल ते बाहेर, राहील ते आत. काम झालं की राख लावून, खरवडून हात धुवायचा. नंतर धुवायचा, हे नीट लक्षात घ्या. आधी कधीच नाही. आधी पाणी लागलं तर हाताचा गुण जातो, असं आत्याचं म्हणणं होतं, आणि पाच गावांत कुणालाही त्यात वावगं दिसलं नाही. मलाही नाही. घाण गाईच्या आत असते आणि हाताला लागते. हाताची घाण गाईला लागेल हे डोक्यातच आलं नाही. शाळेत मी फळा पुसलेला असायचा, वाटेत सायकलची साखळी पडली तर बसवून दिलेली असायची, आणि तोच हात तेल लावून आत.

आणि घाई कशाची, तर झाडाची. आमच्याकडं वार गवतात गुंडाळून, पोत्यात बांधून वेशीजवळच्या वडाला टांगत. वडाला चीक असतो, म्हणून गाईलाही दूध येतं. मात्र ती त्याच दिवशी, दिवस मावळायच्या आत झाडावर गेली पाहिजे. मावळल्यावर टांगली तर गाय आटते. त्यामुळं दुपारी गाय व्याली की संध्याकाळपर्यंत थांबायची कुणाची तयारी नसायची. आधी वेळूचा पाला खायला घालत, मग लोंबत्या वारेला फाटकं पायताण बांधत, वजनानं ओढली जाईल म्हणून, आणि तेवढ्यानं नाही झालं की शाली. काम झाल्यावर मालकीण तांब्याभर चीक द्यायची. घरी आई त्याचा गूळ-वेलदोडे घालून खरवस करायची, आणि आत्या पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवायची. हा मान घरात दुसऱ्या कुणाला नव्हता. खोटं का बोलू, मला तो खरवस आवडायचा, आणि पाच गावच्या बाया मला "बाई" म्हणायच्या तेही आवडायचं.

मग गाई उलटायला लागल्या. उलटणं म्हणजे गाय माजावर येते, तिला भरवतात, आणि तीन आठवड्यांनी ती पुन्हा हंबरत उभी. गाभण राहातच नाही. काहींच्या शेपटीला पांढरट घाण चिकटलेली दिसायची. तेव्हा नवीन संकरित गाई आल्या होत्या आणि त्यांना वळू न लावता नळीनं बीज आत सोडून भरवत. ते काम माढ्याकडून सायकलवर येणारे रशीदभाई करायचे. कॅरिअरला थंड वाफ सोडणारं भांडं बांधलेलं, डोक्याला रुमाल, बोलणं कमी. एकेक गाय तीनतीनदा भरवून रिकामी राहायला लागली तसा गावानं निवाडा केला की रशीदभाईच्या नळ्याच खराब. निवाडा करणाऱ्यांत सगळ्यांत मोठा आवाज आमच्या आत्याचा. "माणूसच परका," ती म्हणायची, "त्याला आपल्या गाईची काय पडलीय." आमच्या घरचा नियम असा की तीनदा उलटली की गाय बाजाराला. त्या नियमानं आमच्या दोन गेल्या. दोघींच्या वारा मीच काढल्या होत्या. त्यांना नेलं त्या दिवशी मीसुद्धा रशीदभाईंना शिव्या घातल्या. उरली तांबू. ती वासरू असताना तिची आई मेली, तेव्हा मी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. ती पुन्हा गाभण होती, पोट खाली उतरलं होतं, आणि ती व्याल्यावर काय होणार याचा विचार मी करत नव्हते.

डेअरीच्या चेअरमननं एके दिवशी रशीदभाईंची सायकल वेशीतच अडवली आणि पुन्हा गावात दिसायचं नाही म्हणून सांगितलं. दुसरा असता तर गेला असता. रशीदभाई माढ्याला जनावरांच्या दवाखान्यातल्या साहेबांकडं गेले आणि म्हणाले, माझ्या नळ्या तपासा, पण गाई पण तपासा. त्यामुळं आमच्या शाळेच्या मैदानावर वांझ गाईंचं शिबिर भरलं. खांब रोवले, दोर बांधले, आणि उलटणाऱ्या गाई ओळीनं उभ्या केल्या. मी मुलींबरोबर कडेला उभी होते. गाईंची तोंडं पलीकडं होती आणि शेपट्या आमच्याकडं. लोक गाय शिंगांवरून ओळखतात, रंगावरून ओळखतात. मी मागून ओळखते. पहिली माझी होती. दुसरी माझी. पुढं बघत गेले, त्याही माझ्याच. तेवढ्यात डॉक्टर आले, तरुण होते, आणि त्यांनी बादली मागवून साबणानं दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले. मग वरून खांद्यापर्यंतचा प्लॅस्टिकचा मोजा चढवला. मागं उभी बाई हसून म्हणाली, "अगं बया, घाणीत घालायच्या आदीच धुतूय की ह्यो." मला हसू आलं नाही. मी त्या बादलीकडं बघत राहिले.

डॉक्टर प्रत्येक मालकाला एकच विचारत होते, "व्यायल्यावर वार आपोआप पडली होती का?" मालक शाळेच्या कट्ट्यावर बसलेल्या आत्याकडं बघायचा आणि म्हणायचा, "व्हय, पडली की." एकजण नाही, सगळे. उद्या पुन्हा गाय व्याली तर आत्याचं तोंड बघायचं होतं ना. शेवटी डॉक्टर वैतागले. "सगळ्यांची आपोआप पडली, मग इतक्यांच्या पिशवीला सूज कशी? आत पू कसा?"

चेअरमन म्हणाला, "त्याच्या नळ्यांचीच घाण हाय ती, सायेब. आमी पयल्यापासनं सांगतूय."

रशीदभाई सायकलचं हँडल धरून उभे होते. त्यांनी डॉक्टरांकडं बघितलं नाही, चेअरमनकडं नाही, जमिनीकडं बघत होते. मी शूर नव्हते. मला त्या माणसाची कीव आली म्हणून मी बोलले, असंही नाही. मला राग आला होता. इतकी मोठमोठी मिशावाली माणसं एका बाईच्या भीतीनं खोटं बोलत होती, आणि माझ्या हातानं केलेलं काम असं नव्हतंच म्हणून सांगत होती.

"वार पडली न्हवती," मी पुढं होऊन म्हणाले. "म्या काडली. हिची बी, तिची बी. ह्या समद्यांची म्याच काडलीया."

डॉक्टरांनी माझा मोकळा हात बघितला. "कशानं काढलीस?"

"हातानं."

"हात धुतला होतास?"

"धुतला की. राख लावून."

"कधी?"

"काडल्यावर."

"आणि आधी?"

"आदी कशापायी? आदी तर चांगलाच असतोय की."

लोक हसले. डॉक्टर हसले नाहीत. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की व्यायल्यावर पिशवीचं तोंड उघडं असतं, आतून ती ओल्या जखमेसारखी असते, हाताबरोबर जी घाण जाते ती आत वाढते, तुटून राहिलेली वार आत सडते, आणि ओढाताणीनं जखमा होतात त्या वेगळ्याच. वार राहिली तर ओढायची नाही, थांबायचं. गाईला ताप आला, तिनं वैरण सोडली, वास मारायला लागला, तर आम्हाला बोलवायचं. नळीत काही दोष नाही, नासलेल्या पिशवीत गर्भ टिकत नाही.  मग आत्या कट्ट्यावरून उठली. मला वाटलं आता ती म्हणेल की मीच शिकवलं. ती म्हणाली, "पोरीचा हात फिरलाय. म्या सांगितलं तसं तिनं केलं न्हाय. माज्या हातनं आजवर एक गाय वाया गेली न्हाय." एवढं बोलून पदर सावरून ती घरी गेली.

गावाला हेच हवं होतं. त्या संध्याकाळपासून मी भाकड्या हाताची झाले. कालपर्यंत बाई म्हणणाऱ्या बाया मी वाटेनं दिसले की वासराला आडोशाला ओढायच्या. आपोआप पडली म्हणून डॉक्टरांना सांगणारे मालक आता अण्णांना गाठून म्हणायचे, तुझ्या पोरीनं आमचं वाटोळं केलं. आत्याला कुणी एक शब्द विचारला नाही. रशीदभाईंची सायकल पुन्हा यायला लागली, पण चुकलं म्हणून त्यांच्याजवळ कुणी गेलं नाही. माझं गाव कसं होतं असं नातवंडं विचारतात तेव्हा मी चांगलं होतं म्हणते, कारण त्यांना झोपवायचं असतं. अण्णा मला एवढंच म्हणाले, "तोंड उघडायची काय गरज हुती?" आणि आत्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. जेवताना माझ्या ताटात चटणी पडेनाशी झाली. मी कोरडी भाकरी तिच्याकडं बघत बघत खायची.

पंधराएक दिवसांनी तांबू व्याली. सकाळची वेळ, उन्हं अंगणात आलेली, कालवड झाली. दुपार झाली तरी वार लोंबतच होती. अण्णा गोठ्यात येरझाऱ्या घालत होते. दोन वाजून गेल्यावर आत्या आली, उजव्या हाताला तेल चोळून. बोटं वळत नव्हती तरी. "दिवस मावळायच्या आत झाडाला गेली पायजे," ती अण्णांना म्हणाली, "हिचा हात फिरलाय तर माजा हाय अजून." गावाला दाखवायचं होतं तिला. मी तांबूच्या मागं जाऊन उभी राहिले.

"सर," आत्या म्हणाली.

"न्हाय सरत."

तिनं मला ढकललं. मी खांब धरला. तिनं माझा दंड धरून ओढलं तेव्हा तिचा तेलकट हात माझ्या तोंडापुढं आला आणि मी मनगटाला चावले. साधं नाही, रक्त येईपर्यंत. तोंडात करडईच्या तेलाची चव आली. अण्णांनी कोपऱ्यातला चाबूक घेऊन मला दोन फटके ओढले. मी सरले नाही. तिसरा उगारला तेव्हा दारात आई दिसली. एका हातात वाफाळत्या पाण्याची बादली, दुसऱ्या हातात अंगाचा साबण. तिनं बादली आत्याच्या पायापाशी ठेवली, साबण काठावर ठेवला आणि म्हणाली, "वन्सं, घालायचाच असंल हात, तर आदी धुवा."

मी जन्मात आईला आत्यासमोर इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. अण्णांचा हात तसाच वर राहिला. आत्या बादलीकडं बघत उभी होती. हात धुतला असता तर शिबिरात डॉक्टर बोलले ते सगळं खरं ठरत होतं, इतक्या वर्षांच्या सगळ्या गाईंसकट. आणि न धुता घातला असता तर आता आई बघत होती. मनगटातून रक्त गळत होतं, ते पण तिनं त्या पाण्यात धुतलं नाही. ती वळली आणि घरात गेली. अण्णांनी चाबूक खुंटीला लावला आणि शेताकडं निघून गेले. दिवस मावळला, वार झाडावर गेली नाही. आईनं तेच पाणी घेऊन तांबूचं मागचं अंग धुतलं, खाली कोरडं भुसकट पसरलं. दुसऱ्या दिवशी आई भाकरी थापत होती तेव्हा वार आपोआप, अख्खी, खाली पडली. आईनं ती खड्ड्यात पुरली. तांबू आटली बिटली नाही.

दोन-अडीच महिन्यांनी ती माजावर आली. माजाचा सोट, म्हणजे तो चिकट स्राव, काचेसारखा स्वच्छ, पांढरं काही नाही. मीच रशीदभाईंना निरोप पाठवला. ते आले, हात धुतले, भरवून गेले. तीन आठवडे झाले, ती हंबरली नाही. आणखी दोन महिन्यांनी डॉक्टर गावात आले होते, त्यांनी तपासून सांगितलं, गाभण आहे. मी गोठ्यातून बाहेर आले तेव्हा आत्या ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मनगटावर माझ्या दातांचा अर्धगोल पांढरा झालेला. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली, वर न बघता.

"शाले, म्हंजी त्या गाई बी गाभण ऱ्हायल्या असत्या व्हय गं? हात घातला नसता तर?"

"व्हय," मी म्हणाले. "समद्या."

तिनं मान हलवली. शेंग फोडली, पण दाणे सुपात टाकायचे तिच्या लक्षात राहिलं नाही, ते हातातच राहिले.

ते खरं नव्हतं. दहा मिनिटांपूर्वी गोठ्यात हात धुता धुता डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की शिबिरातल्या बऱ्याच गाईंचा दोष वेगळा होता. काही म्हाताऱ्या होत्या, काहींच्या चाऱ्यातच कस नव्हता, काहींच्या बीजांडकोशात बिघाड होता, त्या वारेला कुणी हात लावला नसता तरी राहिल्या नसत्या. "सगळं स्वतःच्या माथी घेऊ नकोस, पोरी," ते म्हणाले होते. मला ते ऐकून रडू आलं होतं. आत्या त्यानंतर नऊ वर्षं जगली. तिनं पुन्हा कुठल्या गाईला हात लावला नाही, धार काढायलाही बसली नाही, आणि गल्लीत गाय व्याल्याची बातमी आली की आत जाऊन दार लावून घ्यायची. नऊ वर्षांत कुठल्याही दिवशी मला सांगता आलं असतं. आता मी तिच्या वयाची झाले, माझीही बोटं वळत नाहीत, आणि तरी मी ते सांगितलं असतं असं मला वाटत नाही. डॉक्टरांनी दिलेला दिलासा आम्हा दोघींना पुरेल एवढा होता. मी तो एकटीनं ठेवून घेतला.